छातीवर बँड, कानात भलतंच : पुण्यातली पोरं, कपडे आणि संगीत

गंजकी_तार
विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज टंकायला मुहूर्त लागला.

माझं म्हणणं असं की पुण्यातल्या पोरांकडे आता नुसते कपडे उरलेत, त्यामागचं संगीत गेलं. संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर तासभर उभे राहा. निर्वाणाचा पिवळा वेडगळ चेहरा, रामोन्सचं गोल बोधचिन्ह, आयर्न मेडनचा भुतासारखा एडी, सगळे छातीवर मिरवत जाताना दिसतील. एकाला विचारलं, बाबा, या बँडचं एखादं गाणं सांग. तर म्हणाला, “बँड आहे हा? मला वाटलं ब्रँड आहे.”

आमच्या वेळी (हो, आलंच ते वाक्य, हसून घ्या) नव्वदच्या दशकात असला टी-शर्ट कुणाचा तरी चुलतभाऊ परदेशातून आणायचा. एकाकडे कॅसेट यायची आणि बाकीचे कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून घ्यायचे. आतल्या कागदावर गाण्यांची नावं बॉलपेननं, बारीक अक्षरात. नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारच्या गाडीवरचा अनोळखी माणूस छातीवरचं नाव बघून मान हलवायचा. तेवढ्यावर मैत्री व्हायची. कपडा म्हणजे ओळखपत्र होतं.

मंडळी, ही गाठ सुटली का? की मी म्हातारा झालो?

चिंचपाणी
जागा पकडून ठेवते. हा धागा शंभरी गाठणार.

डाव्या_बाजूने
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो.

काळ्यावर_काळं
तारकाका, तुम्ही धरलेला क्रमच मला पटत नाही. आधी संगीत, मग त्यातून कपडे, असं झालंय कुठे? पंकचंच घ्या. लंडनमध्ये किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांचं ‘सेक्स’ नावाचं कपड्यांचं दुकान होतं. सेक्स पिस्टल्स हा बँड त्या दुकानाच्या भोवतीच जमला आणि बँडच्या नावात दुकानाचं नावही आलं. म्हणजे आधी दुकान, मग बँड. फाटक्या शर्टाची कल्पनाही मॅक्लॅरनने न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल या गायकाच्या अंगावर पाहिली आणि उचलली.

आमच्या हेवी मेटलवाल्यांचं काळं चामडं आणि खिळे कुठून आले माहीत आहे? जुडास प्रीस्ट या मेटल बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते रंगमंचावर आणले आणि ते मिळत होते समलिंगी पुरुषांच्या लेदर क्लबांना कपडे पुरवणाऱ्या दुकानांत. पुढे जगभरच्या मर्दानी पोरांनी तोच गणवेश केला. आमच्या ग्रुपमध्ये हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

तेव्हा ‘कपड्यामागचं कळलं पाहिजे’ ही अट लावली तर अर्धे जुने मेटलवालेही नापास होतील.

फिरकी_आजोबा
वय वर्षे ७४, म्हणून थोडं मागून सांगतो.

१९६४ साली इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर मॉड आणि रॉकर अशा दोन टोळ्यांची हाणामारी झाली. रॉकर म्हणजे मोटरसायकल, चामडी जाकीट आणि रॉक अँड रोल. मॉड म्हणजे इटालियन बेताचा सूट, अमेरिकन सोल आणि जमेकन स्का, आणि बुडाखाली व्हेस्पा किंवा लँब्रेटा. सूट महागाचा, त्यावर रस्त्यातली घाण उडू नये म्हणून वरून लष्करी वापरातला ढगळ पार्का चढवायचे. पुढे पार्का हीच त्यांची खूण होऊन बसली. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्या मारामारीचा इतका गवगवा केला की स्टॅन्ली कोहेन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यावरच पुस्तक लिहिलं.

आता गंमत बघा. तीच व्हेस्पा त्याच साठच्या दशकात आपल्या आकुर्डीत बजाज बनवत होते. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. ती मिळाल्यावर आमच्याकडे तिच्यावर बंडखोर बसला नाही. पुढे मुलगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी, आणि पायाशी मंडईतून आणलेली भाजीची पिशवी. वस्तू तीच, पण तिच्याभोवती गाणं नव्हतं, म्हणून टोळी झाली नाही. या अर्थाने धागाकर्त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

डाव्या_बाजूने
आजोबा, चेतक सुरू करण्याआधी डावीकडे कलवायची, ही टोळीची खूणच होती. अख्ख्या पुण्याची.

सदाफुली_४११०३०
आजोबा, कोरेगाव पार्कातल्या भगव्या कफन्या आठवतात का? माझी आई लग्न होऊन पुण्यात आली ती १९७४ नंतर लवकरच, आश्रम नुकताच सुरू झाला होता. गळ्यात रजनीशांच्या फोटोची माळ आणि अंगात पायघोळ भगवं घातलेले परदेशी लोक सायकली हाणत कॅम्पात यायचे. आईला आधी वाटलं वारकऱ्यांपैकीच कुणी असतील.

फिरकी_आजोबा
न आठवून कसं चालेल? आमच्या कॉलेजातले दोघे-तिघे केस वाढवून तिकडे चकरा मारायचे. अध्यात्म किती आणि बाकीचं किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकाच्या वडिलांनी त्याला डेक्कनवरच्या न्हाव्याकडे नेऊन समोर बसून केस कापून घेतले.

टोलवाली
सगळे लंडन-अमेरिकेचंच बोलताय. पुण्यातली तरुण पोरांची सगळ्यात मोठी टोळी, जिचं स्वतःचं संगीत आहे आणि स्वतःचा पेहराव आहे, ती तुमच्या नाकासमोर आहे. ढोल-ताशा पथक.

मी कॉलेजपासून वाजवते. सुरुवात टोलवर (ठोकून वाजवायचं धातूचं वाद्य) केली, म्हणून हे नाव. गणपतीच्या दोनेक महिने आधीपासून नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव. नवीन आलेल्याला पहिले कित्येक दिवस ढोल मिळत नाही, मांडीवर नाहीतर टायरवर टिपरू आपटत एक ठोका, दोन ठोके घोटायचे. ढोल कमरेला बांधला की आठवडाभर कमरेवर दोराचे काळेनिळे वळ. थापीच्या हाताची बोटं फुटतात, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर घाम, आणि घामाने ती सुटून येते. पावसात चामड्याचं पान उतरतं, आवाज बसतो, म्हणून आता बहुतेकांनी फायबरची पानं लावलीत. जुनी मंडळी त्यावरून अजून नाकं मुरडतात. आणि हे सगळं ताशाच्या तर्रीवर, म्हणजे सलग कडकडाटावर चालतं. ताशेवाला चुकला की शंभर ढोल एकदम उघडे पडतात.

आता कपडे. पांढरा कुर्ता, कमरेला शेला, फेटा, मुलींना नथ. आमच्याकडे सरावाची हजेरी भरल्याशिवाय पथकाचा कुर्ता हातात पडत नाही. फर्ग्युसन रस्त्यावर जाऊन तो विकत घेता येत नाही, तारकाका. तुमची गाठ इथे घट्ट आहे.

चिंचपाणी
टोलवाली, कडक! ज्ञानप्रबोधिनीच्या मुलींच्या पथकात माझी मावशी होती, त्या काळात मुलगी रस्त्यावर ढोल वाजवते म्हणून शेजारी बघायला यायचे.

लक्ष्मीरोडचा_त्रासलेला
तुमची गाठ घट्ट, माझ्या खिडकीच्या काचा सैल. मिरवणुकीच्या दिवशी घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला घेऊन कुठे जायचं, यावर कुणी धागा काढणार का?

टोलवाली
काका, ते अगदी मान्य. म्हणूनच पथकांची संख्या आणि एका पथकातले ढोल यांवर मर्यादा हवी, असं आमच्यातलेच बरेच म्हणतात.

काळ्यावर_काळं
टोलवाली, तुझ्या घामाबद्दल शंका नाही. पण ज्या गोष्टीला आई-वडील, नगरसेवक, मंडळ आणि टीव्ही चॅनल सगळे एकमुखाने शाबासकी देतात, ती टोळी कसली? कुणाला तरी ती खटकायला हवी की नाही? आम्ही काळे कपडे घालून सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरलो की बायका मुलांना जवळ ओढायच्या. तुम्ही फेटा घालून शिरलात तर पेढा मिळतो.

आणि गॉगल-नथ लावून रील काढून निघून जाणारे पथकात किती आहेत, तेही सांग.

टोलवाली
आहेत. भरपूर आहेत. पण तुझ्या मेटलच्या कार्यक्रमाला रील काढायला कुणी येत नाही हा तुमचा सद्गुण नाही हां. तिथे उजेडच नसतो.

डाव्या_बाजूने
😂😂 धागा वसूल.

स्टेशनपलीकडे
एवढा वेळ फक्त वाचत होतो. काळ्यावर_काळं यांनी ‘खटकायला हवी’ म्हटलं म्हणून लिहितो.

मी स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत वाढलो. रॅपर एमसी स्टॅन ताडीवाला रोडचा, आमच्याच बाजूचा. त्याचा ‘तडीपार’ अल्बम २०२० मध्ये आला, २०२३ मध्ये तो बिग बॉस जिंकला आणि त्याचे ऐंशी हजारांचे बूट अख्ख्या देशाला पाठ झाले. जिंकण्याआधी तसेच केस, तशीच साखळी, तशीच ढगळ पँट घालून आमची पोरं डेक्कनला आली की मॉलच्या दारावरचा सुरक्षारक्षक पिशवी दोनदा तपासायचा. नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला सांगायचे. जिंकल्यावर तेच केस कोथरूडच्या पोरांनी ठेवले आणि त्यांना ‘स्टायलिश’ म्हणायला लागले. कपडा तोच, भोगणारा वेगळा.

बुटांना हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३ साली हिप-हॉप सुरू झालं तेव्हापासून बूट हा त्याचा भाग आहे. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाच्या कार्यक्रमात हजारो लोकांनी पायातले अडिडास काढून हातात उंच धरले आणि त्यातून कंपनीने त्यांच्याशी करार केला. ज्याच्याकडे घर, गाडी, आडनाव यांतलं दाखवण्यासारखं काही नाही, तो पायात घालतो ते दाखवतो.

आणि टोलवालीताई, पुण्यातली सगळ्यात मोठी टोळी म्हणाल तर १४ एप्रिलला स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी या. वामनदादा कर्डकांच्या गीतांपासून आजच्या डीजेवरच्या भीमगीतांपर्यंत सगळं वाजतं. पोरं निळे कुर्ते घालतात, पण आमच्या वस्तीत पुष्कळ जण त्या दिवशी सूट घालतात. एप्रिलच्या उन्हात, टाय लावून. का घालतात ते पुतळ्याकडे बघितलं की समजतं. ज्यांनी कसले कपडे घालायचे हे दुसरेच ठरवायचे, त्यांच्यातला एक माणूस थ्री-पीस घालून उभा राहिला. ती फॅशन म्हणायची की काय, तुम्हीच ठरवा.

सदाफुली_४११०३०
स्टेशनपलीकडे, पुन्हा पुन्हा वाचला प्रतिसाद. लिहीत राहा.

फिरकी_आजोबा
याला जोडून. १९४३ साली लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाची पोरं लांब कोट आणि ढगळ विजारीचा झूट सूट घालून जॅझच्या तालावर नाचायची. युद्धात कापडाची टंचाई असताना एवढं कापड उधळता, या सबबीखाली नौसैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं आणि अंगावरचे सूट फाडले. मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांनाच जास्त अटक झाली. कपड्याचं निमित्त असतं, राग घालणाऱ्यावर असतो.

काळ्यावर_काळं
स्टेशनपलीकडे, लिफ्टमधला माझा किस्सा तुमच्यापुढे फारच चिल्लर आहे. आमचा काळा शर्ट काढला की आम्ही पुन्हा सदाशिव पेठेतले सभ्य चिरंजीव.

पोळी_भाजी_बाई
जरा हलकं लिहिते. माझी लेक अकरावीत आहे आणि कोरियन पॉपवाली आहे. बीटीएसचे सातही जण मला आता जावयांसारखे पाठ झालेत. खोलीतला पडदा जांभळा, मोबाइलचं कव्हर जांभळं, वाढदिवसाचा केक जांभळा. का, तर त्यातल्या एकाने २०१६ मध्ये चाहत्यांसमोर जांभळ्या रंगावरून काहीतरी गोड बोलून ठेवलंय.

धाग्याशी संबंधित गोष्ट पुढेच आहे. साठवलेल्या पैशांतून तिने अल्बम मागवला. पेटी उघडली तर आत जाड फोटोंचं पुस्तक, पोस्टकार्डं, आणि एक सीडी. आमच्या घरात सीडी वाजवायचं यंत्रच नाही! लॅपटॉपलाही ती फट नाही. सीडी अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. तिला हवं होतं आतलं एक छोटं फोटोकार्ड. कुणाचं येईल ते नशीब. भलत्याचं आलं, मग मैत्रिणीशी अदलाबदल करायला सेनापती बापट रस्त्यावर भेटल्या. दोघींनी कार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर पुठ्ठा लावून आणली होती. मी सोनं एवढं जपत नाही.

म्हणजे गंजकी_तार यांच्या हिशेबाने ही नुसती वस्तू गोळा करणारी. पण पोरीला एकूणएक गाणी कोरियनमध्ये पाठ आहेत, हंगुल लिपी स्वतःहून शिकली, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाचजणी मिळून नाच बसवतात. गणिताला एवढा जीव लावला असता तर, असं म्हणणार होते, पण मी स्वतः तिच्या वयात काय करत होते ते आईला विचारू नका.

नव्वदोत्तरी_झुलपं
मी २००८ च्या सुमाराचा ‘इमो’, म्हणजे उदास रॉकवाल्या पोरांच्या फॅशनमधला. डोळ्यावर तिरकी झुलपं, त्यामुळे एकाच डोळ्याने दिसायचं. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून घेतलेली इतकी घट्ट जीन्स की सतरंजीवर बसता यायचं नाही. घरी सत्यनारायण असला की उभ्यानेच आरती. गाणी? लिंकिन पार्कची होती, पण खरं सांगायचं तर कपडे आधी आले. ऑर्कुटवर फोटो टाकला, कुणीतरी विचारलं ‘तू हे ऐकतोस का’, मग लाजेकाजेस्तव ऐकली. आणि आवडली! अजून ऐकतो. तारकाका, ज्या पोराला तुम्ही हसलात तो घरी जाऊन ऐकत नसेल कशावरून?

गंजकी_तार
आलो. ऑफिसात होतो.

सगळ्यांचं वाचलं. काळ्यावर_काळं, दुकान आधी की बँड आधी, मला फरक पडत नाही. दुकान आधी असलं तरी त्या दुकानातली पोरं पुढे मंचावर चढली. माझा आक्षेप चढत नाहीत याला आहे. २०१० मध्ये कोरेगाव पार्कात पहिलं एनएच७ वीकेंडर (संगीत महोत्सव) झालं तेव्हा वाटलं होतं की आता गल्लीगल्लीत बँड निघतील. निघाले ते हातावर पट्टा बांधून फोटो काढणारे.

टोलवाली आणि स्टेशनपलीकडे यांच्या उदाहरणांत मात्र गाठ आहे आणि ती माझ्या वेळेपेक्षा पक्की आहे. ती जिथे आहे तिथे मी बघत नव्हतो असं कुणी म्हणेल, म्हणा. फर्ग्युसन रस्त्यापुरतं माझं म्हणणं कायम.

छपाईवाला
नमस्कार. आमचा टी-शर्ट छापायचा धंदा आहे, फर्ग्युसन रस्त्यावर आणि कॅम्पात जे टांगलेलं दिसतं त्यातलं काही आमच्याकडून जातं. कुणी आम्हाला विचारत नाही म्हणून आपणच सांगतो.

आधी स्क्रीन प्रिंट होतं. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम करायची, खर्च त्यातच. तीसचाळीस नग घेतल्याशिवाय कुणाला परवडायचं नाही. त्यामुळे ज्याला खरोखरच एखाद्या बँडचा वेडा नाद आहे असा ग्रुपच वर्गणी काढून यायचा. आता डीटीएफ आलं. फिल्मवर छापायचं, पावडर टाकून भाजायची, गरम प्रेसखाली टी-शर्टवर चिकटवायचं, एक नगही निघतो. मग दुकानदार इंटरनेटवर जे चांगलं दिसेल ते मागतो. तो बँडचं नाव घेत नाही. ‘तो हसरा पिवळा पाठवा, मोठ्या मापात, ढगळ, दोनशेचाळीस जीएसएम’ (म्हणजे जाड कापड) अशी ऑर्डर येते. त्याच्यासाठी निर्वाणा आणि अननस एकाच कॅटलॉगात आहेत. तुम्हाला वाटतं पोरं बदलली. मला विचाराल तर आधी मशीन बदललं.

यातला एक रुपयाही त्या बँडला जात नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्टेशनपलीकडे
हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडच्या रॅपर पोरांनाही गाण्यातून दिडकी मिळत नाही, मिळालं तर टी-शर्ट आणि कार्यक्रमातूनच. चाहत्यांनी नक्कल विकत घेतली की तेवढंही जातं.

काळ्यावर_काळं
अगदी. लहान बँडचा टी-शर्ट म्हणजे त्यांचं पुढच्या गावाला जायचं तिकीटभाडं असतं. कार्यक्रमाच्या दाराशी टेबल मांडलेलं असतं, ड्रमवाल्याची बहीण बसलेली असते. तिथून घ्या.

डाव्या_बाजूने
ड्रमवाल्याच्या बहिणीचा टेबल क्रमांक कळेल का?

चिंचपाणी
डाव्या_बाजूने, तुम्हाला धाग्यातून डाव्या बाजूने बाहेर काढतील.

नवखा_बासवाला
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. वय १९, गंजकी_तार काकांनी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्याच वयाचा. आमचा चौघांचा बँड आहे, मराठीत गातो. वारज्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतो, शेजारी वेल्डिंग चालतं, त्यामुळे आवाजाची तक्रार करायला कुणी येत नाही. मी निर्वाणाचा टी-शर्ट घालतो आणि मला गाणी येतात, वाजवताही येतात.

छपाईवालेकाका, आम्हाला आमच्या नावाचे पंधरा टी-शर्ट काढायचेत. काळ्यावर पांढरं अक्षर. धुतल्यावर तडे जाणार नाहीत असं काही असतं का?

गंजकी_तार
बासवाल्या, कार्यक्रम कधी आहे ते इथेच टाक. सरळ विकत घेईन, एक्सएल काढून ठेव.

काळ्यावर_काळं
माझा एल.

टोलवाली
माझा एम. आणि नदीपात्रात पावसाळ्याआधी जागा रिकामी असते, शेडमध्ये फार उकडत असेल तर.

छपाईवाला
पंधरा नगांना डीटीएफच घ्या, स्क्रीन परवडणार नाही. काळ्यावर पांढरं असेल तर पांढरा थर जाड द्यावा लागतो, तोच पुढे तडकतो. म्हणून अक्षरं भरीव नकोत, मध्ये मोकळी जागा ठेवा, ताण कमी येतो. कापड आधीच आटवून घेतलेलं (प्रीश्रंक) घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. उलटं करून धुवायचं, इस्त्री छपाईवर फिरवायची नाही.

फाइल पीएनजीत पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर कडा फुटतात. आणि बँडच्या नावातले ऱ्हस्वदीर्घ आधी घरात कुणाकडून तरी तपासून घ्या. छापलेला माल परत घेतला जात नाही.